तो धडा



प्रजननाचा धडा आला तेव्हा ‘हा घरी वाचा’ म्हणत सरांनी पान उलटलं होतं. आपण खुदुखुदू हसलो. घरी कोण वाचणार? दिवाळीनंतर निम्मी घरं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. आपल्या दोघी त्याच वर्षी भट्टीवरूनच सासरी गेल्या. एक पहिल्याच बाळंतपणात गेली, सतराव्या वर्षी.

र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मुंबई जव्हार-मोखाड्यापासून किती लांब? आणि २००७ मध्ये राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं!

आज आपल्यातले कितीतरी शिक्षक आहेत. तो धडा वर्गातच शिकवा, मुलगेही बसू देत. जीभ अडखळेल. उपकेंद्रात मुलींशी बोलताना माझी अजून अडखळते.