खाणीचा अहवाल आणि आपली वही

(बोर्ली पंचतन येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सोन्याचांदीच्या खाणवाल्या कंपन्या आपल्या पर्यावरणाच्या कामगिरीचा अहवाल देतात, तो आपण बायांनी कसा वाचायचा, हा मला दिलेला विषय. मघाशी चहाच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "अगो, आमच्याकडं सोन्याची खाण कुठाय? आमच्याकडं सुपारी नि मासळी."

खरं आहे. खाण नाही. पण सोनं आहे की! शेजारच्या दिवेआगरात 1997 साली एका बाईंच्या सुपारीच्या वाडीत खणताना पेटी लागली नि त्यात सोन्याचा गणपती निघाला. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, दोन राखणदारांचा जीव गेला, चोरट्यांनी मूर्ती वितळवून टाकली. नोव्हेंबर 2021 मध्ये तिची पुन्हा स्थापना झाली. सोन्यापायी काय काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि देवळातलं सोडा, इथं बसलेल्या बहुतेकींच्या गळ्यात दोन वाट्या आहेत. माझ्याही कानात आहे. अडीनडीला बाईचं म्हणून जे काही असतं ते एवढंच असतं, त्यामुळे सोनं घालू नका असं सांगायला मी आलेले नाही.

ते कुठून येतं, एवढं मात्र बघू. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टीची खाण आहे. कर्नाटक सरकारची कंपनी ती चालवते. असल्या खाणीत एक टन दगड फोडला तर हाती तीन-चार ग्रॅम सोनं लागतं. चार धरा. म्हणजे एक तोळ्यासाठी अडीच टन दगड! तो पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, त्यात सायनाईड घालायचं. सायनाईड सोन्याला विरघळवून घेतं. मग सोनं वेगळं काढतात आणि उरलेला अडीच टनांचा रबरबीत गाळ बांध घालून तिथंच साठवतात. तोळा आपल्याकडे येतो, गाळ तिकडच्या बायांकडे राहतो. आता दागिन्यावर हॉलमार्कचा शिक्का असतो, पण तो सोनं किती कसाचं एवढंच सांगतो. गाळ कुणाच्या विहिरीशेजारी पडला हे त्या शिक्क्यात नसतं.

ते जिथं लिहिलेलं असायला हवं, तो कागद म्हणजे हा अहवाल.

आपल्या देशात 1992 साली नियम झाला, की प्रदूषण मंडळाची संमती घेऊन चालणाऱ्या प्रत्येक उद्योगानं वर्षाकाठी पर्यावरण विवरणपत्र भरायचं. फॉर्म पाच म्हणतात त्याला. दर वर्षी 30 सप्टेंबरच्या आत राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे द्यायचं. दुसरा कागद सहामाही. ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, त्याला मंजुरी देताना अटी घालतात. त्या पाळल्या की नाही हे 1 जून आणि 1 डिसेंबरला कळवायचं, हे 2006 च्या अधिसूचनेत आहे. आणि हा सहामाही अहवाल सार्वजनिक कागद आहे, मागेल त्याला प्रत द्यायची, असं त्याच अधिसूचनेत लिहिलंय. तिसरा कागद शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा. सेबीनं पहिल्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून तो सक्तीचा केला. तो गुळगुळीत असतो, फोटोंसकट.

गंमत अशी, की हे तिन्ही कागद कंपनी स्वतःच भरते. आपल्या पोरानं प्रगतिपुस्तक स्वतःच भरून आणावं तसं. पण म्हणून ते फेकून द्यायचे नसतात. पोरगं स्वतः भरतं तेव्हा काय लिहितं आणि काय गाळतं, यावरूनच आईला सगळं कळतं ना?

मी फॉर्म पाच पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझी नजर पाण्याच्या रकान्यावर गेली. बाईची तिथंच जाणार. त्यात दिवसाला पाणी किती वापरलं ते लिहायचं असतं, आणि शिवाय एक नग माल काढायला किती पाणी लागलं, गेल्या वर्षी आणि यंदा. अहवालात मोठ्या अक्षरात येतो तो हा दुसरा आकडा. आता मी मनानं एक हिशेब मांडते. समजा, एका खाणीनं गेल्या वर्षी एक लाख टन दगड दळला, टनाला 600 लिटर पाणी लागलं. यंदा दोन लाख टन दळला, टनाला 500 लिटर लागलं. अहवाल म्हणेल, पाण्याचा वापर जवळजवळ सतरा टक्क्यांनी घटवला, शाबास! पण गुणाकार करून बघा. गेल्या वर्षी सहा कोटी लिटर उपसलं, यंदा दहा कोटी. चार कोटी लिटर जास्त. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सव्वीस लाखांवर हंडे. यात खोटं कुणीच बोललेलं नाही. आकडा खरा आहे आणि विहीरही आटलेली आहे.

राजस्थानातली हिंदुस्थान झिंक ही देशातली सर्वांत मोठी चांदी काढणारी कंपनी आहे. आपल्या पैंजण-जोडव्यांचा धागा तिथपर्यंत जाऊ शकतो. ही कंपनी स्वतःला 'वॉटर पॉझिटिव्ह' म्हणवते, म्हणजे घेतो त्याहून जास्त पाणी परत करतो. असेलही. मला फक्त एवढं विचारायचं असतं, घेतलं कुठल्या गावातनं आणि दिलं कुठल्या? एका गावची विहीर आटली आणि तीस मैलांवर तळं भरलं, तर बेरजेत सगळं छान दिसतं. पण हंडा बेरजेत बुडवता येत नाही.

हवेचंही असंच. धुळीचं मोजमाप चोवीस तासांच्या सरासरीनं करतात. बारीक धुळीची मर्यादा एका घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम. डंपर सकाळी दोन तास गावातून धावतात, तेव्हाच चुली पेटलेल्या असतात आणि पोरं शाळेला निघालेली असतात. रात्रीची निवांत हवा त्यात मिसळली की सरासरी बसते मर्यादेत. म्हणून रकान्यात काय लिहिलंय याच्याआधी विचारायचं, यंत्र कुठं ठेवलं होतं आणि कधी.

आणखी एक मला फार खटकतं. सेबीच्या अहवालात बायांची मोजदाद असते बरं का. कामावर किती बाया, संचालक मंडळात किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या. चांगलंच आहे, त्यासाठी आपल्याच चळवळीनं घसा कोरडा केलाय. पण ही सगळी फाटकाच्या आतली बाई. फाटकाबाहेर जिला आता पाण्याला दुप्पट लांब जावं लागतं, वाळत घातलेलं धुणं पुन्हा धुवावं लागतं, जिच्या शेळ्या पडीक रानात चरायच्या तिथं आता दगडाचे ढीग आहेत, तिच्यासाठी रकाना नाही. फॉर्म पाचच्या शेवटच्या भागात 'इतर माहिती' असं असतं. तिथं काय भरतात? झाडं लावली!

तुम्ही म्हणाल, तपासणारं कुणी असेल ना. 2016 सालच्या अहवालात देशाच्या महालेखापरीक्षकांनी हेच तपासलं. कितीतरी प्रकल्पांचे सहामाही अहवाल वेळेवर येत नव्हते, आणि देखरेख करायला मंत्रालयाकडे माणसं अपुरी होती. रोमानियात बाया मारे गावी 30 जानेवारी 2000 ला सोन्याच्या कारखान्याच्या गाळाचा बांध फुटला, एक लाख घनमीटर सायनाईडचं पाणी नद्यांतून थेट डॅन्यूबपर्यंत गेलं, हंगेरीत मेलेल्या माशांचे ढीग काढावे लागले. त्यानंतर जगभरच्या सोनंवाल्यांसाठी सायनाईड हाताळणीची आचारसंहिता झाली, बाहेरच्या तपासनिसांसकट. पण तिच्यात सामील व्हायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. आणि लांब कशाला जा, आपल्या दोडामार्ग तालुक्यात कळणे गावी जुलै 2021 मध्ये लोखंडाच्या खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून लोकांच्या घरांत, बागायतीत शिरलं.

सगळ्यांत वाईट गोष्ट कोलारची. कोलारच्या खाणी सव्वाशे वर्षांच्या आसपास चालल्या, शेवटी भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे होत्या. 28 फेब्रुवारी 2001 ला बंद पडल्या. मागं राहिले गाळाचे डोंगर, तीन कोटी टनांच्या वर. उन्हाळ्यात वारा सुटला की ती पांढुरकी भुकटी घराघरांत येते. ती झाडते कोण हे विचारायला नको. पण सगळे वार्षिक अहवाल असतात उत्पादनाचे. उत्पादन थांबलं की रकाने भरायला कुणी उरत नाही, आणि धूळ तर उडतच राहते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अहवाल त्यांचा, तशी आपलीही एक वही हवी. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात किती हात खाली गेलं, ते महिन्याच्या ठरल्या दिवशी दोरीला गाठ मारून मोजायचं. पाण्याला किती फेऱ्या, किती वेळ. घरात खोकला कुणाला, किती दिवस. डंपर किती वाजता. तारीख घालायची, दोघींनी सही किंवा अंगठा करायचा. एका जनसुनावणीला मी गेले होते, गावाचं नाव घेत नाही. बाया मागं बसलेल्या, पडद्यावर सगळं इंग्रजी. खरं तर अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असं नियमच सांगतो. एक म्हातारी उठली नि म्हणाली, "आमची हीर आटली." साहेब म्हणाले, "काही पुरावा?" ती खाली बसली. त्या दिवशी तिच्या हातात वही असती तर साहेबांना निदान उत्तर द्यावं लागलं असतं. आता तर सुनावणीचं चित्रीकरण करावंच लागतं.

आता मघाच्या मावशींकडे वळते. सोन्याची खाण इथं नाही, पण दिघीचं बंदर तुमच्या दारात आहे. बंदरालाही पर्यावरण मंजुरी लागते, म्हणजे सहामाही अहवालही आला. खाडीचं पाणी, मासळी, रस्त्यावरची धूळ, त्यात काय लिहिलंय हे इथल्या कितीजणींनी पाहिलंय? हात वर करा.

...बरं. मग असं करू. माहिती अधिकाराचे कोरे अर्ज माझ्या पिशवीत आहेत. अर्ज करायचा पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नको. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. गेल्या दोन वर्षांचे चारही अहवाल मागू. कुणाच्या नावानं करायचा ते तुम्ही आपसात ठरवा, शक्यतो दोघीतिघींनी वेगवेगळा करा, म्हणजे एकटीवर कुणी डोळे वटारायला नको. मी पाचच्या एसटीपर्यंत इथंच आहे.