वारीला कोणता कॅमेरा न्यावा?

आज आम्ही बचत गटातल्या पाचजणी कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. मोबाइलच्या नव्हे, रोलच्या कॅमेऱ्याबद्दल.

का, ते आधी सांगतो. गेल्या वारीत आमच्या गटातली सगळ्यात थोरली आत्या सोबत होती. फोटो भरपूर काढले, पण सगळे एकाच मोबाइलमध्ये. तो नीरेच्या पाण्यात पडला. मार्गशीर्षात आत्या गेली. भिंतीवर लावायला तिचा एक फोटो नाही. तेव्हाच छापून घेतले असते तर राहिले असते, चूक आमचीच. म्हणून यंदा ठरवलं, फोटो थोडे काढायचे, पण कागदावर उतरवायचेच.

एकीच्या माहेरी फळीवर जुना ॲग्फा क्लिक थ्री सापडला. हा कॅमेरा एकेकाळी बडोद्याला तयार व्हायचा. त्याला १२० नंबरचा रुंद रोल लागतो, तो आजही मिळतो. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघतात. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा ही निगेटिव्ह साडेतीन पट मोठी. म्हणून फोटो मोठा केला तरी चांगला राहतो. पण क्लिक थ्रीचं भिंग साधं, त्याला ऊन लागतं. आषाढात तर आभाळ भरलेलं.

मग पाहिला दोन भिंगांचा कॅमेरा, याशिका किंवा रोलायफ्लेक्स. वरून मान खाली घालून बघायचं. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरायच्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून दिल्लीभर फिरायच्या. म्हणजे बायकांना ओझं झेपत नाही असं मुळीच नाही. पण तो कॅमेरा किलोभर भरतो, आणि आळंदी ते पंढरपूर पायी जाताना पिशवीत पाणी, भाकरी, इरलं सगळंच असतं.

शेवटी मन बसलं घडीच्या कॅमेऱ्यावर. ॲग्फा आयसोलेटसारखा. झाकण उघडलं की भिंग पुढे येतं, मिटलं की चपटा डबा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. रोल तोच, फोटो तेवढेच, बारा.

जुना कॅमेरा घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, भाता. अंधाऱ्या खोलीत मागचं झाकण उघडून आत बॅटरी लावा. भात्यातून कुठे ठिपक्याएवढा उजेड दिसला, तर घेऊ नका. दुसरी, भिंग. बॅटरीच्या उजेडात जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. तिसरी, खटका. वेग बदलून दहा वेळा दाबा. अडकतो का ऐका.

या कॅमेऱ्यात अंतर आपणच अंदाजाने लावायचं. इथे आमची थोरली मावशी हुशार निघाली. ती म्हणाली, "फूट मला कळत नाहीत, वार कळतात." एक वार म्हणजे तीन फूट. अख्खी नऊवारी पसरली की सत्तावीस. आता ती नजरेनेच सांगते, "तीन वार आहे बघ," आणि आम्ही नऊ फुटांवर काटा लावतो.

ढगाळ हवेसाठी ४०० वेगाचा रोल घेतला. रोल सावलीत भरायचा, संपला की घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावायची, नाहीतर कडेने उजेड शिरतो. रोल आणि धुलाई दोन्ही महाग, म्हणून खर्च पाचजणींत वाटला. बारातले दोन-दोन फोटो प्रत्येकीचे, उरलेले दोन सगळ्यांचे.

पहिला फोटो कुणाचा, यावर मात्र वाद झाला नाही. मावशीचा, डोक्यावर तुळस घेतलेली.

कॅमेरा नसला तरी चालेल. तुमच्या घरातल्या थोरल्या बाईचा मोबाइलमधला एक फोटो या आठवड्यात छापून घ्या, मागे नाव आणि वर्ष लिहा. रामकृष्ण हरी.