जुनी रायफल घ्यावी की न घ्यावी?

काशीला गेलेला मराठी माणूस परतताना गंगेचे पाणी आणतो, पितळेची भांडी आणतो, आणि ऐपत असली तर एखादा शालूही आणतो. तेथून बंदूक आणलेला कोणी निदान माझ्या ऐकिवात नाही. तरीही मागे काशीस गेलो असता ब्रह्माघाटाकडे राहणाऱ्या एका स्नेह्यांनी मला जो प्रश्न विचारला तो बंदुकीचाच होता. त्यांचे घराणे पाच पिढ्या काशीत आहे. थोडी जमीन गंगेपलीकडे चकियाच्या बाजूला आहे. शेजारच्या घरी आजोबांच्या मागे राहिलेली एक शिकारी रायफल विकावयाची होती. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांची, ३१८ बोअरची. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, हाताळून हाताळून मधासारखा झालेला. शेजाऱ्यांना घराच्या डागडुजीसाठी पैसा हवा होता. "काय म्हणता, घेऊन टाकू का?" असे स्नेह्यांनी विचारले.

अशी रायफल काशीत निघावी यात नवल नाही. चकियाचे अरण्य हे काशीनरेशांचे शिकारीचे रान. रामनगरच्या किल्ल्यातील संग्रहालयात त्या काळच्या बंदुका आजही मांडलेल्या आहेत. त्याच रानात १९५७ साली चंद्रप्रभा अभयारण्य स्थापन झाले आणि गीरमधून एक सिंह व दोन सिंहिणी आणून तेथे सोडण्यात आल्या. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली, आणि पुढे थोड्याच काळात ते सारे नाहीसे झाले. कोणाच्या गोळीने गेले, कोणाच्या विषाने गेले, याचा निवाडा झाला नाही. मात्र त्या प्रदेशातल्या जुन्या रायफलीकडे पाहताना मला त्या अकरा सिंहांची आठवण होते खरी.

आता मुद्द्याकडे वळू. जुनी मोटार घेताना आपण आधी इंजिन पाहतो. जुनी रायफल घेताना आधी काडतूस पाहावे, कारण काडतूस मिळत नसेल तर उत्तमातली उत्तम रायफल ही महाग काठीच होय. ३१८ चे काडतूस १९१० च्या सुमारास निघाले आणि आफ्रिकेत व हिंदुस्थानात फार नावाजले. विलायती शिकारीची ती बाजारपेठ आटली तसे मोठ्या कारखान्यांनी त्याचे उत्पादन थांबविले. आज परदेशात ते थोड्या प्रमाणावर निघते. पण ते आयात करणे ही सामान्य परवानाधारकाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. शेजाऱ्यांकडे जुनी अकरा काडतुसे होती. म्हणजे स्नेही रायफल विकत घेत नव्हते, अकरा बार विकत घेत होते. आणि त्या अकरांतले किती उडतील हे कोणी सांगावे?

येथे एक धोका मुद्दाम सांगितला पाहिजे. आपल्याकडे इशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची रायफल सर्वपरिचित आहे. तिच्या काडतुसांच्या बुडावर 'के.एफ.' ही अक्षरे दिसतात. ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. "३१५ काय आणि ३१८ काय, उन्नीस-बीस!" असे एका दुकानदाराने स्नेह्यांना खुशाल सांगितले होते. हे केवळ अज्ञान नव्हे, जिवाशी खेळ आहे. ३१८ हा आकडा नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांमधील अंतराचा आहे. गोळीचा प्रत्यक्ष व्यास.३३० इंच आहे. ३१५ ची गोळी .३२३ इंचांची, शिवाय तिच्या काडतुसाला बुडाशी कडा असते, ३१८ च्या काडतुसाला ती नसते. नावातले आकडे जवळचे, पण दोन्ही काडतुसांची जात निराळी.

नळीचे परीक्षण तुलनेने सोपे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळल्यावर नळीत क्षार मागे ठेवी. तो तेलाने निघत नाही, उकळत्या पाण्याने निघतो. ज्या शिकाऱ्याने मचाणावरून उतरल्यावर कंटाळा केला, त्याच्या नळीत आज खड्डे दिसतील. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली की आजोबांचा स्वभाव कळतो. हे आजोबा टापटिपीचे होते. नळी स्वच्छ होती.

पण खरी गाठ कागदपत्रांची होती. परवाना कोणाच्या नावे आहे, असे मी विचारले तेव्हा सगळे गप्प झाले. परवाना आजोबांच्या नावे, आणि आजोबांना जाऊन दीड वर्ष झालेले! रायफल कपाटात तशीच. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक वारला की वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. तसे न करता ते घरात ठेवणे हा गुन्हा आहे. तेव्हा शेजाऱ्यांपुढचा प्रश्न किती किंमत येईल हा नव्हता. घरातला कर्ता माणूस कोर्टाची पायरी चढणार की नाही, हा होता. रीतसर मालकाला खाजगी विक्री करता येते, परंतु तीही जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस उलटल्यावर.

स्नेह्यांचीही एक अडचण होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात. पूर्वी तीन चालत. त्यांच्याकडे बारा बोअरची एक होतीच. उरलेली एकुलती जागा अकरा काडतुसांच्या रायफलीला द्यावी काय?

आणि ती मारणार तरी काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. "रानडुकरे पीक उधळतात," असे स्नेही म्हणाले. तक्रार खरी होती. पण त्यासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. आणि ती मिळाली तरी दूरवर भेदून जाणारी जड गोळी शेजारच्या शेतात माणसे असताना कोण झाडणार? कुंपण घालणे बरे.

मी म्हणालो, घेऊ नका. त्यांना ते रुचले नाही. दस्त्यावरून हात फिरवीत ते बराच वेळ बसले. ती वस्तू सुंदर होती हे मलाही मान्य आहे. अशी कारागिरी पुन्हा सहज पाहावयास मिळत नाही. परंतु कायद्याला शोभेची बंदूक ठाऊक नाही. बार उडू शकतो तोवर ती बंदूकच.

दुसऱ्या दिवशी शेजारचे चिरंजीव एका वकिलांना बरोबर घेऊन ठाण्यात गेले, रायफल व अकरा काडतुसे जमा केली आणि पावती घेतली. ठरलेल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला, किंवा परवाना असलेला गिऱ्हाईक सापडला, तर ती तेथून सुटेल. नाही तर सरकारजमा होईल. स्नेह्यांनी पावतीवरचा नळीचा क्रमांक मात्र आपल्या वहीत टिपून ठेवला आहे.