मोटारीचा पट्टा आणि आपले हात
(वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



शिक्षण, वसतिगृह, वधू-वर सूचन या नेहमीच्या विषयांच्या पंक्तीत आज आम्ही मोटारीचा रबरी पट्टा आणून बसवीत आहोत, याचे आपणांस नवल वाटेल. हा विषय आम्हांस आंबा घाटाने दिला.

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीहून कोल्हापुरास परतत असता, ऐन चढणीवर आमच्या जुन्या मोटारीतून फटकन आवाज आला, बॅटरीचा तांबडा दिवा लागला व पाठोपाठ उष्णतेचा काटा चढू लागला. सोबत वृद्ध मातोश्री. अंधार पडत चाललेला. बॉनेट उघडून पाहतो तो पट्टा तुटलेला! नवा पट्टा डिकीत होता, पाने होते. तो चढविण्याचे ज्ञान मात्र आमच्यापाशी नव्हते. मलकापूरकडे निघालेल्या एका मालमोटारीच्या तरुण चालकाने इंजिन निवू दिले, अर्ध्या तासात पट्टा चढविला आणि पैसे नाकारून म्हणाला, “काका, एवढं तरी घरच्या घरी शिकून ठेवा की!”

कोल्हापूरकरास हे ऐकावे लागावे ही लाजेचीच गोष्ट होय. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा कर्तबगार माणसांनी येथे यंत्रविद्येचा पाया घातला; शिवाजी उद्यमनगर त्याची साक्ष आहे. ऑईल इंजिनावरून चरकाला व पिठाच्या गिरणीला गती देणारा लांब सपाट पट्टा आपल्या वाडवडिलांना घरच्या बैलाइतकाच परिचित होता. मोटारीतील पट्टा हा त्याचाच धाकटा भाऊ. इंजिनाच्या मुख्य दांड्याची गती घेऊन तो वीज निर्माण करणारा अल्टरनेटर फिरवितो आणि अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही. तशा गाड्यांत तो तुटला की वीजनिर्मिती व थंडावा दोन्ही एकदम बंद पडतात. तशा स्थितीत गाडी पुढे दामटणे म्हणजे इंजिनाचा घात करणे होय.

पट्टा बहुधा आगाऊ सूचना देतो. सकाळी गाडी सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज, आतल्या बाजूस भेगा, कडांचे सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचे डाग दिसल्यास तो बदलावा. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा, इंजिन पूर्ण निवू द्यावे, किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. जुना पट्टा कोणत्या कप्पीवरून कसा गेला आहे, याचे चित्र प्रथम कागदावर काढावे. जुन्या पद्धतीच्या गाडीत अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो इंजिनाकडे सरकविला की पट्टा निघतो. पेचकसाने उपटू नये. कप्पीची कड बिघडते. रिकाम्या कप्प्या हाताने फिरवून पाहाव्या. खरखर लागल्यास दोष बेअरिंगचा समजावा. नवा पट्टा त्याच क्रमांकाचा घ्यावा आणि तो खाचांत नीट बसल्याची खात्री करावी.

खरी कसोटी ताणाची. लांब पट्टीच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा सुमारे अर्धा इंच लवावा, असा जुन्या गाड्यांचा ढोबळ नियम आहे. परंतु गाडीच्या पुस्तकातील आकडा प्रमाण मानावा. सैल पट्टा घसरतो, फार ताणलेला बेअरिंग खातो. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा पाहावा. नव्या गाड्यांत बहुधा अनेक खाचांचा एकच रुंद पट्टा व आपोआप ताण देणारी कप्पी असते. तेथे पुस्तक वाचल्यावाचून हात घालू नये.

दोन इशारे मात्र गाठीस बांधावे. चालू इंजिनाजवळ पदर, ओढणी, मफलर वा सैल बाही कधीही नेऊ नये. आणि इंजिनाच्या आत दातेरी टायमिंग पट्टा असल्यास तो कसबी मेस्त्रीकडेच सोपवावा. त्याचा मेळ चुकला तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात.

आता मनातील सल सांगतो. त्या प्रसंगापूर्वी आमच्या मुलीसाठी ज्ञातीतीलच एका सुशील मुलाचे स्थळ आले होते. ‘त्याचे गॅरेज आहे, हात काळे असतात,’ एवढ्याच कारणाने आम्ही ते परत पाठविले. घाटातील त्या तरुणाचे काळे हात पाहताना आम्हांस त्या मुलाची आठवण झाली. आपल्या सूचक यादीत ‘नोकरदारच हवा’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक पालकाने, आम्हांसह, याचा विचार करावा.

म्हणून आमची विनंती अशी : वर्षातून एक रविवार वसतिगृहाच्या अंगणात मुलामुलींना असली साधी कामे शिकवावी आणि शिकविण्यास ज्ञातीतील गॅरेजवाल्या बंधूंनाच मानाने, नारळ देऊन बोलवावे. त्या दिवशी पहिला पाना हाती घेण्यास आम्ही स्वतः हजर राहू.