बोलणाऱ्याचा धंदा विचारा



सोयरीक जुळवितांना आपण सात पिढ्यांची चौकशी करितों. पण निवडणुकीच्या वादसभेंत बोलणारा आजवर काय करीत आला, हें विचारावयास लाजतों.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं रयतेच्या शिक्षणाची कैफियत मांडली. ते नुसते बोलके नव्हते. त्यांनीं शाळा चालविल्या होत्या. नारायण मेघाजी लोखंडे गिरणींत स्टोअरकीपर होते. मजुरांचे हाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले होते. १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली, ती त्यांच्या खटपटीनें.

आपल्या चाकूरचे शिवराज पाटील घ्या. कायद्याचें शिक्षण, लातूरची नगरपालिका, विधानसभा, मग १९९१ सालीं लोकसभेचें अध्यक्षपद. पायरीपायरीनें चढलेले गृहस्थ. परंतु २००४ सालीं लातुरांत हरूनही ते देशाचे गृहमंत्री झाले व राज्यसभेवर गेले. गांवचा माणूस म्हणून हें झाकणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आतां सोयाबीनच्या भावावर टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बोलणारा अडत्याचा भागीदार आहे कीं पक्षाचा पगारी, हें तो आपण होऊन थोडेंच सांगणार? पुढच्या सभेंत मागें उभ्या असलेल्या बायांनींच विचारावें, "दादा, तुमचें पोट कशावर चालतें?"