घरची सेवा आणि पदरचे चार पैसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला आणि विषय माझ्या घरचाच, म्हणून उभी राहिले.

ज्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तिथली बाई एकच प्रश्न विचारते : "सरकारी पैसे येतात, मी चार पैसे मिळवले तर ते बंद होतील का?" या भीतीने कितीजणी सुईदोरा हाती धरत नाहीत. धरला तर चोरून.

आधी ते पैसे कोणाचे, हे पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. तिचे पैसे दुखणाइताच्या नावे येतात, सेवा करणारीच्या नव्हे. २०२३ साली ते महिना १,५०० झाले, आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. सेवा करणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. पण माझ्या हाती त्यातले काही आलेले नाही.

अट आहे ती साऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाची. ती वर्षाला २१,००० होती; दिव्यांगांसाठी २०१९ साली ५०,००० केली. म्हणजे दिवसाला सुमारे १३७ रुपये, आणि तेही साऱ्या घराचे!

माझा मुलगा १९ वर्षांचा. त्याला आपले आपण बसता येत नाही. भरवणे, न्हाऊ घालणे, रात्री कूस बदलून देणे, सारे माझ्याकडे. घरधनी चिकूच्या वाडीत हंगामापुरते कामाला जातात. आमच्या दाखल्यावर उत्पन्न ३६,०००. हद्दीपर्यंत उरले १४,०००, म्हणजे महिन्याला ११६६. मी साड्यांना फॉल-पिको करते, ते याच हिशेबात. एका वहीत डावीकडे जमा लिहिते, उजवीकडे दोरा, फॉल, मशीनचे तेल. आलेला सगळा पैसा कमाई नव्हे. खर्च जाऊन उरतो तीच कमाई. "कशाला लिहितेस, कोण बघतो?" असे मला एकीने म्हटले. पण दाखला मागतात. वही खरी असली की डहाणूच्या तहसील कचेरीत मान वर करून उभे राहता येते.

हे दुखणे आपल्याकडचेच नव्हे. ब्रिटनमध्ये सेवा करणाऱ्यांना १९७६ पासून भत्ता आहे. पण नवऱ्याजवळ राहणाऱ्या लग्नाच्या बाईला तो १९८६ पर्यंत मिळत नव्हता. घरची सेवा तिने करायचीच, असा समज! तिथेही कमाईची हद्द आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती आठवड्याला १९६ पौंड झाली. तीवर एक पौंड गेला तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. हजारो लोकांना मागचे पैसे परत भरावे लागले.

आता आपले. २०२४ साली लाडकी बहीण योजनेला कुटुंबाची हद्द अडीच लाखांची ठेवली. मग ज्या घरी माणूस अंथरुणावर आहे, औषधाचा खर्च आहे, त्या घराला पन्नास हजारांतच का कोंडायचे? हा प्रश्न आपण मंडळाच्या नावाने लेखी विचारावा.

दुसरे, घरबसल्या होईल असे काम मंडळाने शोधावे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तयार पीठ घरी न्यायचे आणि लाटलेले पापड आणून द्यायचे, ही त्यांची रीत. सेवा करणारीला असेच काम सोसते. आपल्याकडे चिकूच्या फोडी वाळवता येतील.

तिसरे, पाळीपाळीने दोन तास एकमेकींच्या दुखणाइताजवळ बसावे. पैशाइतकीच त्या दोन तासांची गरज असते; बाजारहाट होतो, पाठ टेकता येते.

सेवा करणारी बाई कष्ट करते, भीक मागत नाही. तिची कमाई उघड असावी आणि तिची झोप सुखाची असावी, एवढेच माझे मागणे.