खेळ, प्रशिक्षक आणि प्रेक्षकांचा न्याय



या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण अशा विषयांवर अभ्यासू वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला बसून आम्ही क्रिकेटच्या प्रशिक्षकांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काही मंडळींनी नाक मुरडले असेल. त्यांचेही चुकले नाही. आमची हयात कामगार संघटनेत गेली. शाळा लवकर सुटली आणि पुढची विद्या करारांच्या कलमांचा अर्थ लावता लावता मिळाली. खेळातील बारकावे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सामना संपल्यावर प्रेक्षक जो न्यायनिवाडा करतात, त्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे आम्ही समजतो; कारण माणसाला कामावर ठेवावे की काढावे, हाच आमच्या आयुष्यभराचा विषय आहे.

माळीवाड्याच्या बसस्थानकापाशी सकाळी चहाला गेलात की हा निवाडा ऐकू येतो. आदल्या दिवशी भारतीय संघ हरलेला असतो. एक म्हणतो, "या प्रशिक्षकाला आजच घरी पाठवा." दुसरा म्हणतो, "याच्यापेक्षा आधीचा बरा होता." तिसरा त्या आधीच्याचीही कुंडली मांडतो. पहिला कप रिकामा होईपर्यंत आरोप, पुरावा आणि शिक्षा हे तिन्ही उरकलेले असते. या वादाला आम्ही तुच्छ मानत नाही. दिवसभर ज्याला कोणी काही विचारत नाही, अशा माणसाला येथे मत असते. दहा वर्षांपूर्वीचे आकडे त्याला तोंडपाठ असतात. आठ तास यंत्रापुढे मुकाट्याने उभा राहणारा मनुष्य येथे घटकाभर न्यायाधीश होतो, ही काही वाईट गोष्ट नव्हे. आमची तक्रार एवढीच आहे की, न्यायाधीश झालेला मनुष्य न्यायाची रीत विसरतो.

आपल्या जिल्ह्याशी संबंध असलेले एक उदाहरण घेऊ. अजिंक्य रहाणे यांचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. 19 डिसेंबर 2020 या दिवशी ऑस्ट्रेलियात अॅडलेडला भारताचा अख्खा संघ 36 धावांत गारद झाला. विराट कोहली मायदेशी परतले, मोहम्मद शमी जायबंदी झाले आणि नेतृत्व रहाणे यांच्याकडे आले. त्यांनी मेलबर्नला 112 धावा काढल्या आणि सामना जिंकून दिला. सिडनीचा सामना अनिर्णित राहिला. ब्रिस्बेनला बुमराह, अश्विन, जडेजा यांच्यावाचून, नवख्या मुलांना घेऊन भारताने 328 धावांचे लक्ष्य गाठले. 1988 नंतर ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया कसोटी हरला नव्हता, तेथे हरला. तो दिवस होता 19 जानेवारी 2021.

आता तारखा पाहा. 19 डिसेंबर ते 19 जानेवारी, बरोबर एक महिना. या महिन्याच्या दोन्ही टोकांना मुख्य प्रशिक्षक एकच होते, रवी शास्त्री. 36 धावा झाल्या त्या दिवशी लोकांनी त्यांना कामचुकार ठरवले. एका महिन्याने तेच धोरणी ठरले. एका महिन्यात कोणाही माणसाची अक्कल इतकी घटत नाही की वाढत नाही. शिवाय विजयाचा वाटा मागायला आणखी एक नाव पुढे करण्यात आले. नव्या मुलांपैकी कित्येक जण राहुल द्रविड यांच्या हाताखाली एकोणीस वर्षांखालील आणि 'अ' संघात तयार झाले होते. म्हणून अर्धे श्रेय द्रविडांचे, असे लोक म्हणू लागले. श्रेय मुलांचेच आहे, असे द्रविडांनी स्वतः सांगितले, तरी वाद थांबला नाही.

पुढे द्रविडच मुख्य प्रशिक्षक झाले आणि तराजूच्या पारड्यात त्यांना बसावे लागले. 2023 च्या विश्वचषकात भारताने ओळीने दहा सामने जिंकले आणि 19 नोव्हेंबरला अहमदाबादचा अंतिम सामना गमावला. दहा विजयांचा हिशेब एका रात्रीत पुसला गेला. पुढच्या वर्षी 29 जूनला बार्बाडोसमध्ये वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या. पराभव दाराशी येऊन उभा होता. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर मिलरने मारलेला फटका सूर्यकुमार यादव यांनी सीमारेषेवर झेलला, आणि भारत 7 धावांनी जिंकला. त्या क्षणी सूर्यकुमारचा पाय दोरीला लागला असता, तर द्रविड "हरणाऱ्यांचा प्रशिक्षक" म्हणून निवृत्त झाले असते. अडीच वर्षांच्या कामाचा निकाल आम्ही वीतभर जागेवर लावला असता, याचा विचार व्हावा.

एकट्या माणसाचे उदाहरण घेऊन हा प्रश्न अधिक तपासता येतो. चंद्रकांत पंडित हे मुंबईच्या मैदानांवर, रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत वाढलेले यष्टिरक्षक. 1999 साली ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. बंगळूरला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेऊनही त्यांचा संघ कर्नाटकाकडून हरला. पुढे ते प्रशिक्षक झाले. 2015-16 च्या हंगामात त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढच्या हंगामात मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात गेली, पण जानेवारी 2017 मध्ये इंदूरला गुजरातकडून हरली. एक अजिंक्यपद आणि एक उपविजेतेपद, एवढ्या हिशेबावर मुंबईने त्यांना निरोप दिला.

विदर्भाने त्यांना बोलावले. ज्या विदर्भाने तोवर रणजीचा अंतिम सामनाही पाहिला नव्हता, त्याने त्याच इंदूरला 1 जानेवारी 2018 रोजी दिल्लीला हरवून करंडक नेला आणि पुढच्या वर्षी नागपूरला तो राखला. नंतर पंडित मध्य प्रदेशात गेले. जून 2022 मध्ये त्याच बंगळूरच्या मैदानावर, जेथे तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून ते हरले होते, मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. आणि हरवले कोणाला, तर मुंबईला.

येथे चहाच्या दुकानातील मंडळी टाळी वाजवतात आणि म्हणतात, "पाहा, मुंबईने हिरा फेकून दिला." पण घाई नको. पुढे पंडित आयपीएलमध्ये कोलकाता संघाकडे गेले. 2023 साली तो संघ सातवा आला, 2024 साली विजेता झाला आणि 2025 साली आठवा आला. जुलै 2025 मध्ये ते तेथून बाहेर पडले. 2024 च्या विजयाचे श्रेय लोकांनी बहुतांशी गौतम गंभीर यांना दिले. ते त्या वर्षी संघाचे मेंटॉर होते. 2023 आणि 2025 चा पराभव मात्र पंडितांच्या नावे राहिला. त्यांची शिस्त लष्करी थाटाची आहे, असे एका परदेशी खेळाडूने उघड सांगितले. ज्या शिस्तीने नागपूरची आणि इंदूरची पोरे उभी राहिली, ती शिस्त जगभर फिरून दोन महिन्यांपुरते येणाऱ्या खेळाडूला जाचक वाटली. येथे पंडित बदलले नव्हते; काम बदलले होते. तेव्हा "हा प्रशिक्षक चांगला की वाईट" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी, कोणत्या माणसांबरोबर, किती मुदतीत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हा रोग आपल्याच देशापुरता नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांचे फुटबॉल मोठ्या हौसेने पाहिले जाते. तो चेंडू अंडाकृती असतो आणि हातांत घेऊन पळायचा असतो. तेथील कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरील सर्वांत मोठा पगार राज्यपालांचा नसून विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. तेथेही प्रेक्षक असाच निवाडा करतात आणि हंगाम संपायच्या आत माणूस काढला जातो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशर यांना काढले, तेव्हा उरलेल्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम त्यांच्या पदरात घालण्याची पाळी विद्यापीठावर आली. लोकांच्या रागाची किंमत एवढी. आमच्याकडील तालमीचा वस्ताद किंवा शाळेचा कबड्डी शिकवणारा मास्तर मात्र नुसत्या रागावर जातो. त्याला करार नसतो, भरपाई नसते.

आणि आता आम्हांला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात आमच्या संघटनेचे काम चालत असे. तेथील कामगारांचा क्रिकेटचा संघ होता आणि बॉयलर विभागातील एक फिटर संध्याकाळी पोरांना शिकवीत असे. त्याला त्याचे काही मिळत नसे. शेजारच्या कारखान्यांबरोबरच्या सामन्यांत आमचा संघ ओळीने दोन वर्षे हरला. कामगारांची सभा भरली. इतर विषय संपल्यावर कोणी तरी म्हणाले, "माणूस बदला." आम्ही सभेचे चालक होतो. हात वर करायला सांगितले, हात वर झाले, आणि दहा मिनिटांत तो फिटर संघातून गेला. तो सभेला हजरही नव्हता, रात्रपाळीवर होता.

मंडळी, त्याच महिन्यात एका हेल्परला चौकशीशिवाय काढले म्हणून आम्ही त्या कारखान्याच्या दारावर बसलो होतो. आरोपपत्र कोठे आहे, खुलासा कधी मागितला, साक्षीदार कोण, असे आम्ही व्यवस्थापनाला दरडावून विचारत होतो. आणि आपल्याच माणसाला मात्र यांतले काहीही दिले नाही.

पुढे कार्यालयातील जुन्या फायली लावताना त्याचे एक पत्र सापडले. संघटनेच्या नावे होते. सामने ऐन गळीत हंगामात येतात. संघातील तीन चांगली पोरे रात्रपाळी करून तशीच मैदानावर येतात. त्या आठवड्यापुरती त्यांची पाळी बदलून मिळावी, म्हणून संघटनेने शब्द टाकावा, अशी विनंती होती. पत्रावर आमची सही होती, "पाहिले" म्हणून. आम्ही पाहिले होते आणि फायलीत लावले होते.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने चहा पाजला. आम्ही पत्राचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, पोरं झोपंतच खेळत होती." याहून अधिक तो काही बोलला नाही. संघाकडे परत ये म्हटले, तर नको म्हणाला. आमच्या हातून गेलेले दान परत आले नाही. त्यानंतर त्या वसाहतीत संध्याकाळी पोरांना गोळा करणारा दुसरा कोणी बरीच वर्षे मिळाला नाही.

तेव्हापासून कोणी प्रशिक्षकाविषयी मत विचारले की आम्ही स्वतःला तीन प्रश्न घालतो.

पहिला, त्याच्या हातात काय होते? साखरेचा उतारा घसरला की चीफ केमिस्टला धारेवर धरण्याची रीत आहे. पण तोडलेला ऊस दोन दिवस गाडीतच वाळला असेल, तर केमिस्टने साखर आणावी कोठून? संघ निवडतो एक, पैसा देतो दुसरा, सामन्यांचे वेळापत्रक ठरवतो तिसरा, आणि जाब मात्र चौथ्याला विचारला जातो. जे त्याच्या हाती होते तेवढ्याचाच त्याला जाब विचारावा. पण तेवढ्याचा मात्र पुरता विचारावा. चौकशी म्हणजे माफी नव्हे. ज्याने निवड चुकवली, पोरांना वेळ दिला नाही, किंवा आपला माणूस म्हणून कोणाला पुढे काढले, त्याला दोष मिळालाच पाहिजे.

दुसरा, त्याला मुदत किती दिली? आडसाली ऊस लावून वर्षाच्या आत तोडायला निघालो, तर दोष बेण्याला देता येत नाही.

तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत मोठा: तो गेल्यावर मागे काय राहिले? पंडित विदर्भातून गेले, पण विदर्भ विझला नाही. मार्च 2024 मध्ये त्यांनी पुन्हा अंतिम सामना गाठला आणि मार्च 2025 मध्ये दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिसऱ्यांदा रणजी करंडक मिळवला. यातले पंडितांचे किती, नव्या माणसाचे किती, खेळाडूंचे किती, हे रतीमाशांनी मोजता येणार नाही. पण एक शिक्षक गेल्यावरही शाळा चालू राहिली, तर त्याने काम वाया घालवले नाही, एवढे तर म्हणता येते.

आमच्या संघटनेतही हेच चालते. पगारवाढीचा करार चांगला झाला की ती कामगारांची एकजूट. फसला की पुढारी विकला गेला. पहिल्या वेळी आम्ही हार गळ्यात घालून घेतले, तेव्हा बाजारात साखरेला भाव होता हे सांगितले नाही. म्हणून दुसऱ्या वेळी शिव्या खाल्ल्या, तेव्हा तक्रार करायला तोंड उरले नाही. जो विजयाचे सगळे श्रेय घेतो, त्याच्या माथी पराभवाचे सगळे खापर फुटणारच. पुढाऱ्यांनी आणि प्रशिक्षकांनी विजयाच्या दिवशीच खरा हिशेब सांगावा, म्हणजे पराभवाच्या दिवशी लोक ऐकून घेतील.

उद्या सकाळी आपण चहाला बसाल आणि कोणाचा तरी निवाडा चालू असेल. वाद जरूर घाला, आम्हीही घालणार आहोत. फक्त हात वर करण्यापूर्वी एवढे विचारा, की ज्याच्याविषयी आपण बोलतो आहोत, त्याचे म्हणणे कोणी ऐकले आहे काय?